शाळेत घातलेला पैसा



आजच्या व्याख्यानाचा विषय शिक्षणातील खाजगी पैसा हा आहे. तो ऐकून काहींना वाटले असेल की, हा विषय अर्थशास्त्राच्या वर्गातच शोभला असता. वस्तुतः तसे नाही. आपल्या नायगावात दहावीची परीक्षा उरकली, उन्हे चढू लागली, म्हणजे घरोघर एकच हिशेब सुरू होतो. मुलाला लातूरला ठेवावयाचे की नांदेडला, शिकवणीची फी किती, खोलीचे भाडे किती, खानावळीचे किती, आणि एवढी रक्कम उभी कोठून करावयाची. सोयाबीनच्या पट्टीतून, सोसायटीच्या कर्जातून, की बांधालगतचा एखादा तुकडा काढून. रात्री अंथरुणावर पडून हा हिशेब करणारा बाप शिक्षणातील खाजगी गुंतवणूकदारच आहे. फक्त त्याला कोणी त्या नावाने ओळखत नाही. म्हणून या विषयाचा इतिहास आपण सर्वांनी मिळून एकदा तपासून पाहावा, असे आम्हांला वाटले.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘खाजगी’ या एका शब्दाखाली आपण दोन निराळ्या वस्तू घालतो. गावाने वर्गणी काढून बांधलेली शाळाही खाजगी, आणि भांडवलवाल्याने नफ्यासाठी काढलेली शाळाही खाजगी. दोन्हींच्या आरंभी सरकारचा पैसा नसतो, एवढेच त्यांचे साम्य. परंतु पैसा घालणाऱ्याने बदल्यात काय मागितले हे पाहू लागलो, की दोहोंच्या वाटा फुटतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की, शाळेत आलेला पैसा सरकारी की खाजगी, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या पैशाचा मोबदला कोणाला मिळाला आणि त्याचा हिशेब कोणाला विचारता आला, हा प्रश्न मुख्य आहे.

नायगाव हे नाव शिक्षणाच्या इतिहासात अपरिचित नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली नायगावातच झाला. मात्र ते नायगाव सातारा जिल्ह्यातले, आपले नव्हे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यास भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, ती काही सरकारने काढून दिली नव्हती. मित्रांच्या मदतीवर आणि स्वतःच्या कष्टांवर ती उभी राहिली. शिक्षणातील खाजगी प्रयत्नाचे याहून निर्मळ उदाहरण शोधूनही सापडावयाचे नाही. तथापि याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, ते विचार करण्यासारखे आहे. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार होती. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि सरकारने शाळांतून अंग काढून घेऊ नये, असे त्यांनी सांगितले. कमिशनचा कल मात्र अनुदान देऊन माध्यमिक शिक्षण हळूहळू खाजगी संस्थांकडे सोपवावे, असा पडला. ज्याने पदरमोड करून शाळा चालविल्या, त्यानेच सरकारला ‘तुम्ही जबाबदारी टाळू नका’ म्हणून सांगावे, यात विसंगती मुळीच नाही. चार माणसांच्या वर्गणीतून शाळा सुरू होते, पण गावोगावच्या शेवटच्या घरापर्यंत ती पोचत नाही, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. सरकारी नोकरीच्या वाटेस न जाता तुटपुंज्या वेतनावर शाळेला वाहून घ्यावयाचे, असा त्या मंडळींचा संकल्प होता. पुढे आजीव सभासदाने संस्थेबाहेर दुसरी मिळकत करावी की करू नये, यावरून त्यांच्यात कडाक्याचा वाद झाला, आणि १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. त्या वादात व्यक्तींचे रागलोभ नव्हते असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच्या मुळाशी जो प्रश्न होता, तो आपल्या आजच्या विषयाचाच आहे. शाळेत आयुष्य घालणाऱ्याने तिच्यातून स्वतःसाठी किती घ्यावे? भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांच्यापाशी भांडवल असे नव्हतेच. घरोघरचे मूठमूठ धान्य, वसतिगृहातल्या मुलांची अंगमेहनत आणि अडल्या वेळी पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने, हेच त्या संस्थेचे भांडवल होय.

हे सर्व झाले इंग्रजी मुलखात. आपले वाडवडील राहत होते निजामाच्या राज्यात, आणि येथली गोष्ट अधिक कठीण होती. राज्यातील बहुसंख्य लोकांची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी. पण दरबाराची, कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, आणि तेथे शास्त्रीय ग्रंथांच्या भाषांतराचे जे काम झाले, त्याचे महत्त्व कोणी नाकारू नये. पण ती भाषा बिलोली-देगलूरकडच्या कुणब्याच्या पोराची नव्हती. त्याने आधी भाषा शिकावयाची आणि मग विषय शिकावयाचा, असा दुहेरी डोंगर त्याच्यापुढे उभा असे. त्यातून आपल्या भागात शाळाच थोड्या. पदवीपर्यंत जावयाचे तर हैदराबाद, पुणे किंवा नागपूर गाठावे लागे.

मग लोकांनी आपल्या शाळा आपण काढावयास प्रारंभ केला. १९०७ साली हैदराबादेस केशवराव कोरटकरांसारख्या मंडळींच्या प्रयत्नाने विवेकवर्धिनी उभी राहिली. त्याच साली गुलबर्ग्यास नूतन विद्यालय निघाले. १९१५ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सरस्वती भुवन, १९१७ साली अंबाजोगाईस योगेश्वरी, १९२१ साली लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा. या शाळांच्या पाठीशी कोणी कंपनी नव्हती. वकील, व्यापारी, देशमुख, आणि ज्यांच्यापाशी श्रमांखेरीज द्यावयास काही नव्हते असे शिक्षक, हेच त्यांचे आधारस्तंभ. सरकारची त्यांच्यावर मेहेरनजर नव्हती. १९२० नंतरच्या दशकात, खाजगी शाळा काढण्यापूर्वी सरकारची परवानगी घेतली पाहिजे असा नियम झाला. तेव्हापासून शाळा काढणे हेच एक राजकीय धाडस होऊन बसले.

अशा काळात, कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्यापाशी काम केलेला व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण १९२९ साली हिप्परग्याच्या शाळेत आला. १९३२ साली त्याने संन्यास घेतला, आणि पुढे सारा मराठवाडा त्यांना स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखू लागला. १९३५ पासून त्यांनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे काम अंगावर घेतले. १९३८ साली ते स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. त्याच वर्षी उस्मानियातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क मागितला, त्याबद्दल त्यांना काढून टाकण्यात आले, आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्या पदरात घेतले. शाळा आणि स्वातंत्र्य या दोन गोष्टी त्या पिढीने कधी निराळ्या मानल्याच नाहीत.

या गुंतवणुकीचा परतावा काय मिळाला, असे कोणी विचारील. व्याज मिळाले नाही, मुद्दलही परत आले नाही. पण १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले, तो दिवस आणण्यासाठी जी माणसे झटली, त्यांपैकी कितीतरी या शाळांच्या बाकांवर बसलेली किंवा फळ्यापुढे उभी राहिलेली होती. परतावा मिळाला, तो साऱ्या मुलखाला मिळाला.

असे केवळ आपल्याकडेच घडले, असे मात्र समजू नये. पूर्व आफ्रिकेत केनिया देशात इंग्रजांचे राज्य होते आणि शाळा बहुतेक मिशनऱ्यांच्या हाती होत्या. १९२९ च्या सुमारास तेथील किकुयू लोकांचे आणि मिशनांचे एका जुन्या चालीवरून बिनसले. ती चाल मुलींच्या सुंतेची होती, आणि आज तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु त्या भांडणातून लोकांनी जे केले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी मिशनांच्या शाळा सोडल्या, आपापसांत वर्गणी केली, स्वतः भिंती उभारल्या, आणि स्वतःच्या स्वतंत्र शाळा काढल्या. त्या शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून म्बियू कोइनांगे यांनी १९३९ साली गिथुंगुरी येथे अध्यापकांचे महाविद्यालय सुरू केले. जोमो केन्याटा, जे पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, तेही काही काळ त्याचे प्रमुख होते. १९५२ साली आणीबाणी जाहीर झाली आणि सरकारने या शाळा बंद पाडल्या. हिप्परगा आणि गिथुंगुरी यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही. पण परक्या सत्तेखालील गरीब माणसाने पोटाला चिमटा घेऊन शाळेत पैसा घातला, आणि बदल्यात आपली मान ताठ राहावी एवढेच मागितले, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

येथे आपल्याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर हे व्याख्यान पूर्वजांच्या स्तुतीचे होईल, आणि तेवढ्यासाठी आपण जमलो नाही. लोकवर्गणीची शाळा वर्गणी देणाऱ्यांची असते. वर्गणी देण्याची ज्यांची ऐपत नव्हती, आणि ज्यांना गावाने आपले मानलेच नव्हते, त्यांची मुले त्या शाळांत किती होती? फार थोडी. मुली त्याहून थोड्या. ही उणीव ज्यांनी नेमकी ओळखली, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील दलित मुलांच्या कितीतरी पिढ्या तेथे पदवीधर झाल्या. त्याच १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. ‘पीपल्स’ हा शब्द दोघांच्याही मनात आला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. याच नांदेडात नरहर कुरुंदकर आधी प्रतिभा निकेतन शाळेत शिकवीत होते आणि मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व प्राचार्य झाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९९४ साली नांदेडचे विद्यापीठ स्वामीजींच्या नावाने निघाले.

स्वातंत्र्यानंतर सरकार अनुदान देऊ लागले, शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून होऊ लागला, आणि शाळा गावोगाव पोचल्या. जोतीरावांनी मागितले होते ते पुष्कळ अंशी पदरात पडले. पण त्याबरोबर एक बदल न कळत झाला. संस्था पूर्वी वर्गणीदारांना हिशेब देई. आता ती कागद सरकारला धाडू लागली, आणि गाव हिशेब विचारीनासे झाले. पैसा सर्वांचा, पण संस्था मात्र एखाद्या घराण्याची, असे चित्र कित्येक ठिकाणी दिसू लागले. शिक्षकाची जागा मिळविण्यासाठी संस्थेच्या ‘इमारत निधी’त काय भरावे लागते, याची कुजबुज आपण सर्वांनी ऐकलेली आहे. आमच्या परिचयाच्या एका तरुणाने त्यासाठी वडिलांचे दोन एकर विकले. संस्थेचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. मूठभर धान्य देऊन उभ्या राहिलेल्या शाळेत शिक्षकानेच शेत विकून शिरावे, ही केवढी उलटापालट!

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. सरकारपाशी पैसा नव्हता आणि मुले कर्नाटकात देणग्या भरून शिकावयास जात होती. तेव्हा त्या निर्णयामागे कारण नव्हते असे म्हणता येणार नाही. त्यामुळे ज्यांच्या घरात कोणी मॅट्रिकही झाले नव्हते अशी मुले इंजिनियर झाली, हेही खरे आहे. पण देणगी या पवित्र शब्दाचा अर्थ त्याच काळात पालटला. १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली अशी फी बेकायदा ठरविली, आणि २००२ साली अकरा न्यायाधीशांच्या पीठाने असे सांगितले की, खाजगी संस्थेने आपल्या वाढीसाठी वाजवी शिल्लक टाकण्यास हरकत नाही, नफेखोरी मात्र करता येणार नाही. टिळक-आगरकरांच्या मंडळींतला वाद शंभर वर्षांनी दिल्लीस जाऊन पोचला, तो हा असा. वाजवी कोणते आणि नफेखोरी कोणती, हे ठरविण्यासाठी वहीखाते उघडावे लागते. आणि तेच सहसा उघडत नाही.

आता लातूरकडे वळू. दयानंद महाविद्यालय १९६१ चे, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. ज्यादा तास, पुन्हा पुन्हा परीक्षा, प्रत्येक मुलाच्या चुकांवर लक्ष, या साध्या मेहनतीतून तेथे ‘लातूर पॅटर्न’ घडला. मराठवाड्याचा मुलगा पुण्या-मुंबईच्या मुलाच्या बरोबरीने बसू शकतो, हे त्याने दाखवून दिले. त्याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे. पण तो नावारूपास आल्यावर त्याच्याभोवती शिकवण्यांची मोठी पेठ भरली. पॅटर्न शिक्षकांच्या कष्टांचा होता. पेठ फीची आहे. जागा मोजक्या, उमेदवार अगणित. आपण सर्वांनी दुप्पट पैसे घातले, तरी जागा दुप्पट होत नाहीत, फक्त शर्यतीची फी दुप्पट होते. ज्या बापाचे आम्ही प्रारंभी वर्णन केले, तो या शर्यतीत एकटा उभा आहे, आणि त्याच्या हाती पावतीखेरीज काही नाही.

हीच पेठ आफ्रिकेतही भरली आहे, आणि तेथील अनुभव आपल्या उपयोगी पडेल. स्वातंत्र्यानंतर केनियात गावोगाव लोकांनी ‘हरांबी’ शाळा बांधल्या. हरांबी म्हणजे सर्वांनी मिळून ओढणे. पुढे कर्जात बुडालेल्या सरकारांनी हात आखडता घेतला आणि शाळांत फी आली. मग मलावीने १९९४ साली, युगांडाने १९९७ साली आणि केनियाने २००३ साली प्राथमिक शिक्षण निःशुल्क केले. मुलांच्या झुंडी शाळेत आल्या, पण शिक्षक आणि वर्ग त्या मानाने वाढले नाहीत. त्या गर्दीला कंटाळलेल्या गरीब पालकांकडे परदेशी भांडवलाचे लक्ष गेले. २००९ साली नैरोबीच्या झोपडपट्टीत ब्रिज इंटरनॅशनल अकॅडमीज या कंपनीने स्वस्त फीची पहिली शाळा उघडली, आणि पाहता पाहता शेकडो उघडल्या. अमेरिकेतील धनिकांनी आणि जागतिक बँकेच्या वित्तसंस्थेने तीत पैसा घातला. शिक्षकाने हातातल्या पाटीवजा यंत्रावर आलेला धडा जसाच्या तसा वाचून दाखवावयाचा, अशी तेथील पद्धत. युगांडात शाळा आवश्यक नियम पाळीत नाहीत म्हणून सरकारने २०१६ साली त्या बंद करण्याचा हुकूम काढला, आणि न्यायालयाने तो उचलून धरला. जागतिक बँकेच्या वित्तसंस्थेने २०२२ साली आपले भाग काढून घेतले.

न्यायाने बोलावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, केनियात झालेल्या अभ्यासात या शाळांतील मुले अधिक शिकली असे आढळले. लायबेरियाने २०१६ साली ९३ सरकारी शाळा ८ खाजगी संस्थांकडे चालवावयास दिल्या; तेथेही मुलांचे शिकणे सुधारले. पण खर्चही वाढला, आणि एका चालकाने पट कमी ठेवण्यासाठी कित्येक मुलांना शाळेबाहेर काढले. म्हणजे खाजगी चालक कामचुकार असतो असे नव्हे. तो पुष्कळदा चोख शिकवितो. प्रश्न उरतो तो बाहेर काढलेल्या मुलाचा. ते मूल कोणाच्या हिशेबात आहे? कंपनीच्या हिशेबात ते नाही. गावाच्या हिशेबात असले, तरच ते शाळेत परत येईल.

तेव्हा खाजगी पैसा नको, असे आमचे म्हणणे नाही. त्याच्यावाचून विवेकवर्धिनी नसती, योगेश्वरी नसती, मिलिंद नसते. सरकारी पैसा आला म्हणजे सर्व सुरळीत होते, असेही नाही. पैसा कोणाचाही असो, त्याला प्रश्न विचारणारा माणूस हवा. तो अधिकार आज आपल्यापाशी कागदावर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेला आलेल्या अनुदानाचा विनियोग तपासणे हे तिचे कामच आहे. खाजगी संस्था बहुधा सार्वजनिक विश्वस्त संस्था असतात, आणि त्यांना दरसाल तपासलेला हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. आपल्या मुलांच्या शाळेच्या समितीची सभा केव्हा झाली, हे येथे बसलेल्यांपैकी किती जणांना सांगता येईल? हात वर करावयास आम्ही सांगत नाही. कारण आधी आमचाच हात खाली राहील.

नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या या रस्त्याने एके काळी आपली मुले पदवीसाठी हैदराबादेस जात. आज ती लातूर-नांदेडला जातात, आणि उद्या आणखी दूर जातील. त्यांनी जावे, मोठे व्हावे. पण जी मागे राहतात त्यांची शाळाही याच गावात आहे, आणि तिचा पट वर्षावर्षाला उतरत आहे. या उन्हाळ्यात शिकवणीच्या फीचा हिशेब मांडताना आपण त्याच कागदाच्या पाठीवर आणखी एक ओळ लिहावी: आपल्या शाळेची सभा, तिची तारीख आणि आपण विचारणार असलेला पहिला प्रश्न. हिप्परग्याच्या मंडळींपाशी परवानगीही नव्हती आणि पैसाही नव्हता. आपल्यापाशी आज दोन्ही थोडेफार आहेत. फक्त सभेस जाण्याचे तेवढे राहिले आहे.